सत्तावन्न-शून्य: टाळ्या कोणी वाजवल्या?

रग्बी हा खेळ आपल्या घरांत फारसा पाहिला जात नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे खेळला जातो, पण बाहेरच्या रस्त्याने जाणारे थोडेच लोक थांबून पाहत असतील. तरीही या महिन्याच्या सदरात आम्ही रग्बीच्या एका सामन्याविषयी लिहीत आहोत. सामना एकतर्फी होता, त्यामुळे खेळाविषयी सांगण्यासारखे कमीच आहे. पाहणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ आहे.

आधी खेळाची जुजबी ओळख करून घेऊ. या प्रकारात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा जण असतात. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळायचे आणि समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. त्याला ‘ट्राय’ म्हणतात, त्याचे पाच गुण. त्यानंतर उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारला तर आणखी दोन. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल पेनल्टी मिळाली आणि ती साधली तर तीन. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. खेळ ऐंशी मिनिटांचा. एवढे कळले की पुढची गोष्ट समजते.

या खेळात दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांचे वैर १९२१ पासूनचे आहे. आफ्रिकेच्या संघाला तिथल्या हरणाच्या नावावरून ‘स्प्रिंगबॉक्स’ म्हणतात, त्यांचा शर्ट हिरवा. न्यूझीलंडचा संघ ‘ऑल ब्लॅक्स’. हे नाव कातडीच्या रंगावरून आलेले नाही, त्यांच्या काळ्या पोशाखावरून आले आहे. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी रस्ते जसे ओस पडतात, तसेच या दोन देशांत यांच्या सामन्याच्या दिवशी होते.

१६ सप्टेंबर २०१७, शनिवार. ऑकलंडच्या उत्तरेला ऑल्बनी नावाचे उपनगर आहे, तिथे सामना होता. न्यूझीलंडमध्ये संध्याकाळ, आफ्रिकेत सकाळचे साडेनऊ. आदल्या वर्षी आफ्रिकेचे हाल झाले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये डर्बनला, म्हणजे स्वतःच्या अंगणात, ते न्यूझीलंडकडून ५७-१५ असे हरले होते. पुढच्याच महिन्यात इटलीसारख्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघानेही त्यांना नमवले होते. पण २०१७ मध्ये त्यांनी फ्रान्सला तिन्ही सामन्यांत हरवले, अर्जेंटिनाला दोनदा हरवले, ऑस्ट्रेलियाशी बरोबरी केली. वर्षभरात एकही हार नव्हती. चाहत्यांना वाटू लागले, आपला संघ परत आला. त्या सकाळी लोक उमेदीने टीव्हीपुढे बसले होते.

मध्यंतराला फळ्यावर ३१-० होते. शेवटी ५७-०. न्यूझीलंडचे आठ ट्राय झाले, आफ्रिकेचा भोपळाही फुटला नाही. या दोन देशांच्या सामन्यांच्या इतिहासात एवढ्या फरकाची हार-जीत त्याआधी कधीच झाली नव्हती.

आता चाहत्यांकडे वळू. आफ्रिकेतल्या नेहमीच्या चाहत्यांची प्रतिक्रिया कोणत्याही देशातल्या चाहत्यांसारखीच झाली. आधी सन्नाटा, मग विनोद, मग राग. प्रशिक्षक अ‍ॅलिस्टर कुत्झी यांना काढा, ही मागणी वाढली (पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते गेलेच). आणि रागाच्या मागोमाग एक जुने बोट वर झाले. संघात काळ्या आणि ‘कलर्ड’ खेळाडूंचे प्रमाण वाढवायचे, २०१९ च्या विश्वचषकापर्यंत ते निम्म्यावर न्यायचे, असे उद्दिष्ट तिथल्या रग्बी मंडळाने ठरवले होते. संघ हरला की एका गटाला कारण तयारच असे: कोटा. जिंकला तर गुणवत्ता, हरला तर कोटा. हा हिशेब आम्हाला फार ओळखीचा वाटतो. शाळेच्या स्टाफरूममध्येही निकालाच्या दिवशी तो ऐकू येतो. ऑल्बनीला त्या दिवशी गोरे खेळाडूही तितकेच चुकले होते, पण बोट त्यांच्या कातडीकडे कोणी दाखवले नाही.

न्यूझीलंडच्या चाहत्यांचे वागणे आम्हाला अधिक विचार करायला लावणारे वाटते. पहिल्या दिवसाचा जल्लोष साहजिक होता. पण डर्बनच्या वेळी आणि ऑल्बनीनंतरही तिथे एक वेगळाच सूर निघाला: काळजीचा. आपल्या आजोबांनी ज्यांच्याशी झुंजून नाव कमावले, ते स्प्रिंगबॉक्स असे कसे ढासळले? ज्याला हरवण्यात इभ्रत होती, तोच असा कोसळला तर आपल्या जिंकण्याला किंमत काय? वरवर पाहिले तर हे जिंकणाऱ्याचे नखरे वाटतील. आम्हाला तसे वाटत नाही. आंतरवर्गीय कबड्डीत एक वर्ग दुसऱ्याला चाळीस गुणांनी लोळवतो, तेव्हा जिंकणाऱ्या वर्गातली समजदार मुले तिसाव्या गुणानंतर ओरडायची थांबतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना कोणी शिकवलेले नसते. मैदानात आता खेळ उरलेला नाही, हे त्यांना आपसूक कळते. सगळ्यांनाच कळत नाही. काही पोरे शेवटपर्यंत चिडवत राहतात, आणि त्यांच्यासाठी आम्हा शिक्षकांना शिट्टी वाजवावी लागते.

पण त्या शनिवारी आफ्रिकेतच तिसरा एक चाहतावर्ग होता. त्याच्याविषयी लिहावे म्हणूनच आम्ही हा विषय घेतला. केपटाऊन शहरात आणि आसपास असे पुष्कळ लोक आहेत, जे आफ्रिकेचे नागरिक असून सामन्याला काळा शर्ट घालतात आणि न्यूझीलंडच्या ट्रायवर टाळ्या वाजवतात. त्यांत मोठा भाग ‘कलर्ड’ म्हणवल्या गेलेल्या समाजाचा, आणि त्यातही मुसलमान घरे बरीच. गोरे चाहते त्यांना गद्दार म्हणत आले. ते लोक मात्र लपवाछपवी करत नाहीत, उघड मैदानात झेंडे फडकवतात.

वाचकहो, ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न आपल्याकडेही क्रिकेटच्या दिवशी काही मुलांना शाळेच्या आवारात ऐकावा लागतो. उत्तर ऐकण्याआधीच ज्याच्यावर शक घेतला जातो, त्या मुलाचे दुःख वेगळे आहे. केपटाऊनची गोष्ट तशी नाही. तिथे माणसे खरोखरच समोरच्या संघाला टाळ्या वाजवत होती. दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नयेत. पण तिथल्या टाळ्यांमागे काय होते, ते जाणून घ्यायला हरकत नाही.

केपटाऊनमधले मुसलमान हे मुळात डचांनी गुलाम किंवा कैदी म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. कोणी आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवरून, कोणी बंगालमधून, कोणी आपल्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले. बो-काप वस्तीतली अव्वल मशीद १७९४ ची आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या कोकणातूनही माणसे तिकडे गेली. रत्नागिरी आणि आजच्या रायगडच्या गावांतली ही कोकणी मुसलमान कुटुंबे किराणा, भाजी, कापड अशा धंद्यांत स्थिरावली. आजही त्यांच्यातल्या अनेकांची गावाकडची नाती शाबूत आहेत, लग्नसराईला ते येतात.

या सगळ्या वस्त्यांत रग्बी खेळली जाई. गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या संघटना काढल्या. त्यातली एक १८८६ सालची आहे, म्हणजे खेळ यांच्यासाठी नवखा नव्हता. स्प्रिंगबॉक्सचा शर्ट मात्र फक्त गोऱ्यासाठी. पहिला ‘कलर्ड’ खेळाडू, एरॉल टोबायस, देशाकडून कसोटी खेळला तो १९८१ मध्ये. तोवर तीन पिढ्यांतले चांगले चांगले खेळाडू आपल्याच मोहल्ल्याच्या मैदानावर म्हातारे झाले. केपटाऊनच्या न्यूलँड्स या प्रसिद्ध मैदानावर या लोकांना तिकीट काढून सामना पाहता येई, पण गोऱ्यांपासून वेगळ्या, कुंपण घातलेल्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातून पाहुण्या संघाला टाळ्या पडत. रॉबेन बेटावरच्या तुरुंगातही हेच चाले. स्प्रिंगबॉक्स हरले की कैदी खूश होत, हे खुद्द नेल्सन मंडेला यांनी नंतर सांगितले आहे.

गोऱ्या सरकारचा अट्टहास एवढा, की न्यूझीलंडने आपल्या संघात माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी खेळाडू आणू नयेत, असा दंडक होता. न्यूझीलंडने तो बरीच वर्षे निमूट पाळला, हेही सांगितले पाहिजे. १९४९ चा दौरा माओरींशिवाय झाला. १९६० च्या वेळी ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ अशी मोठी चळवळ न्यूझीलंडमध्ये उभी राहिली, तरी दौरा झालाच. शेवटी १९७० मध्ये माओरी आणि सामोआ वंशाचे खेळाडू आले, ते कसे? ‘मानद गोरे’ म्हणून! माणसाच्या कातडीला सरकारी दाखला देण्याचा हा प्रकार वाचून हसावे की रडावे, कळत नाही.

त्या १९७० च्या दौऱ्याची हकीकत आम्ही एका पाहणाऱ्याच्याच तोंडून ऐकली आहे. २०२४ च्या डिसेंबरात रत्नागिरीकडच्या एका निकाहाला आम्ही गेलो होतो. तिथे केपटाऊनचे एक चाचा भेटले. सत्तरी ओलांडलेले, आजोबा कोकणातून गेलेले, बोलणे कोकणी, मध्येच इंग्रजी, मध्येच तिकडची आफ्रिकान्स. जेवणानंतर खुर्च्या अंगणात ओढून बसलो आणि क्रिकेटवरून बोलणे रग्बीवर गेले. त्या ऑगस्टमध्ये ते सोळा-सतरा वर्षांचे होते. न्यूलँड्सच्या कुंपणाच्या कोपऱ्यात वडिलांबरोबर उभे होते. न्यूझीलंडकडून सामोआ वंशाचा ब्रायन विल्यम्स खेळत होता, वय अवघे एकोणीस. “आमच्याच रंगाचा पोरगा, आणि गोरे त्याला पकडायला मागे पळतायत!” चाचा हात उंचावून सांगत होते. तो सामना न्यूझीलंडने ९-८ असा जिंकला. मालिका आफ्रिकेने जिंकली, पण चाचांना बाकीचे तीन सामने आठवतही नाहीत.

आम्ही विचारले, न्यूझीलंडचे एवढे प्रेम कशामुळे? ते म्हणाले, “मास्तर, प्रेम कसलं? ते गोरे हरायला पाहिजे होते, एवढंच. प्रेम मागून झालं.”

त्यांच्या घरातच याला विरोधही होता. त्यांचे मामू न्यूलँड्सला पाऊल टाकत नसत. ज्या मैदानात आपल्याला जनावरांसारखे कोंडतात, तिथे पैसे देऊन जायचेच कशाला, असे त्यांचे म्हणणे. पुढे वंशभेदाविरुद्धच्या क्रीडा संघटनांनी हीच भूमिका घेतली: समाज वाकडा असताना खेळ सरळ होऊ शकत नाही. आम्हाला विचाराल तर मामूंची बाजू तत्त्वाने अधिक पक्की होती. पण सतरा वर्षांच्या पोराला विल्यम्सला पळताना पाहायचे होते, त्यालाही आम्ही नावे ठेवणार नाही.

न्यूझीलंडच्या चाहत्यांनाही हा प्रश्न एकदा घरात घुसून विचारला गेला. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक्स तिकडे दौऱ्यावर गेले, तेव्हा देश दुभंगला. हॅमिल्टनला निदर्शक मैदानात शिरले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत छोट्या विमानातून पिठाच्या पुड्या मैदानावर टाकल्या गेल्या. एकाच घरात बाप तिकीट काढून आत आणि मुलगी फाटकाबाहेर फलक घेऊन उभी, अशी उदाहरणे तिथे घडली. वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली ही माणसे केपटाऊनच्या वस्त्यांनी लक्षात ठेवली. काळ्या शर्टाशी जुळलेल्या नात्यात त्यांचाही वाटा असणार.

राजवट बदलू लागली, तेव्हा सारे एका दिवसात सुरळीत झाले नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये बहिष्कार संपल्यावर जोहान्सबर्गला न्यूझीलंडशी पहिला सामना झाला. हिंसाचारात मेलेल्यांसाठी शांतता पाळायची होती. जुने राष्ट्रगीत वाजवू नये, असे ठरले होते. प्रेक्षकांनी शांततेच्या वेळीच जुने गीत गायला सुरुवात केली. तीन वर्षांनी, २४ जून १९९५ ला, त्याच मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला राष्ट्राध्यक्ष मंडेला हिरवा शर्ट घालून आले आणि त्याच गोऱ्या प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा घोष केला. आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवले. यावर पुस्तके निघाली, सिनेमा निघाला. केपटाऊनच्या अनेक घरांत मात्र काळा शर्ट कपाटातून गेला नाही. एका माणसाने माफ केले म्हणून साठ हजारांवर लोकांचे उठवलेले डिस्ट्रिक्ट सिक्स परत वसले नव्हते. १९६६ मध्ये ती वस्ती ‘गोऱ्यांची’ म्हणून जाहीर करून बुलडोझरने पाडली गेली, त्यातच चाचांच्या कुटुंबाचे दुकानही गेले.

आम्ही वर्गात हे असे सांगतो: ज्या मुलाला संघाच्या यादीत कधी घेतलेच नाही, त्याने रेषेवर उभे राहून आपल्या वर्गासाठी घसा फोडावा, अशी अपेक्षा मॉनिटरने करू नये. पुढच्या वर्षी त्याला यादीत घेतले, तरी पहिल्याच सामन्याला तो ओरडेल असे नाही. थोडा वेळ लागतो.

या काळ्या शर्टवाल्यांना आफ्रिकेत ‘केप क्रुसेडर्स’ असे नाव पडले आहे, आणि त्यात एक अजब पेच आहे. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहराचा व्यावसायिक रग्बी संघ १९९६ पासून ‘क्रुसेडर्स’ या नावाने खेळतो. क्रुसेडर म्हणजे सलीबी जंगांतला लढवय्या. संघाच्या चिन्हावर तलवारधारी सरदार होता, सामन्याआधी घोडेस्वार तलवारी परजत मैदानात फेरी मारत. आणि केपटाऊनमध्ये जुम्म्याची नमाज आटोपून मुसलमान पोरे याच संघाचा शर्ट घालून मैदानात जात! नावाचा अर्थ कुणाच्या मनातही नसे, चाचांनी सांगितले.

मग १५ मार्च २०१९ उजाडला. ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्म्याच्या वेळी एका वंशद्वेष्ट्याने ५१ जणांना शहीद केले. दुसऱ्या दिवशीचा क्रुसेडर्सचा सामना रद्द झाला. ऑल ब्लॅक्सचा प्रसिद्ध खेळाडू सनी बिल विल्यम्स, ज्याने त्याआधीच इस्लाम स्वीकारला होता, तिथे जाऊन जखमींना भेटला. त्याचा सहकारी ओफा टुंगाफासी हाही त्याच दिवसांत मुसलमान झाला. ऑल्बनीच्या आठ ट्रायपैकी एक या ओफाचा होता. क्रुसेडर्स संघाने नावाचा फेरविचार केला. नाव ठेवले, पण चिन्हातून तलवार आणि सरदार काढले, घोडेस्वारही बंद झाले. नाव का ठेवले यावर तिकडे बरीच वादावादी झाली. आमच्या मते नावही बदलता आले असते. पण तलवार तरी गेली, हेही कमी नाही.

आता ऑल्बनीच्या सकाळकडे येऊ. चाचांच्या दिवाणखान्यात सामना लागला होता. ते नेहमीप्रमाणे काळ्या शर्टात. शेजारी आठ वर्षांचा नातू, हिरव्या शर्टात. १९९४ नंतर जन्मलेल्या आईबापाचे नव्हे, पण नव्या शाळेचे पोर. त्याच्या वर्गात सगळ्या रंगांची मुले, शाळेच्या संघात तो स्वतः. त्याला कुंपणाचा कोपरा माहीत नाही, कारण त्याने तो पाहिलेलाच नाही. पहिल्या ट्रायला चाचांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यालाही. मध्यंतराच्या ३१-० ला त्यांनी सहज बाजूला पाहिले, तर पोरगा उशीत तोंड खुपसून रडत होता. “मग?” आम्ही विचारले. “मग काय, रिमोट त्याच्या हातात दिला. त्यानेही बंद नाही केलं. दोघं गप बसून पाहत राहिलो.” उरलेल्या ट्रायना त्या घरात टाळी वाजली नाही.

हा प्रसंग त्यांनी सहज सांगितला, आम्ही मात्र बराच वेळ त्यावर विचार करत राहिलो. आजोबाच्या टाळीमागे एक आयुष्य होते, ते खोटे नव्हते. नातवाच्या रडण्यामागेही एक आयुष्य होते, आठच वर्षांचे, पण तेही खोटे नव्हते. आणि दोघे एकाच सोफ्यावर. अशा वेळी आपण नातवाला इतिहास सांगत बसतो: तुला काय ठाऊक आम्ही काय भोगले! इतिहास सांगावाच, पण शून्यावर हरलेल्या पोराला मध्यंतरात नव्हे. चाचांनी तो नंतर, वेगळ्या दिवशी, डिस्ट्रिक्ट सिक्सच्या संग्रहालयात नेऊन सांगितला.

तीन आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, तेच दोन संघ न्यूलँड्सवर समोरासमोर आले. सगळ्यांना वाटले, पुन्हा कत्तल होणार. न्यूझीलंड जिंकले, पण २५-२४ असे, एका गुणाने. हरूनही हिरवे चाहते ताठ मानेने घरी गेले. पुढच्या सप्टेंबरात वेलिंग्टनला, ऑल्बनीला वर्ष व्हायला एक दिवस कमी असताना, आफ्रिकेने ३६-३४ ने बाजी मारली. तोवर प्रशिक्षक बदलला होता, आणि सिया कोलिसी कर्णधार झाला होता. कसोटी संघाचा हा पहिला काळा कर्णधार पोर्ट एलिझाबेथजवळच्या एका गरीब वस्तीतला. २ नोव्हेंबर २०१९ ला जपानमध्ये त्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडला ३२-१२ असे हरवले. त्या दिवशीचे दोन्ही ट्राय करणारे, मकाझोले मापिम्पी आणि केपटाऊनच्या क्राइफॉन्टेनचा चेस्लिन कोल्बे, असे होते की ज्यांना जुन्या काळात त्या शर्टाला हात लावता आला नसता. कोटा-कोटा म्हणणारी बोटे त्या आठवड्यात खिशात गेली. कायमची गेली असे आम्ही म्हणणार नाही.

आणि नंतर पारडे फिरले ते कसे! ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ट्विकेनहॅमला आफ्रिकेने ऑल ब्लॅक्सना ३५-७ असे चिरडले, ती न्यूझीलंडची तोवरची सगळ्यात मोठी हार होती. दोन महिन्यांनी पॅरिसच्या विश्वचषक अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे, निकाल १२-११, आफ्रिकेच्या बाजूने. सप्टेंबर २०२५ मध्ये तर वेलिंग्टनला, त्यांच्याच घरी, ४३-१०. मध्यंतरापर्यंत न्यूझीलंड पुढे होते, मग उत्तरार्धात आफ्रिकेने ३६ गुण केले आणि त्यांना एकही करू दिला नाही. ज्यांना २०१७ मध्ये स्प्रिंगबॉक्सची काळजी वाटत होती, त्यांच्यावर आता आपल्याच संघाची काळजी करण्याची पाळी आली. आफ्रिकेच्या चाहत्यांनी त्यांची कीव केली का? फारशी नाही. आठ वर्षे ५७-० ऐकून घेतलेल्या माणसाकडून लगेच एवढी दर्यादिली मागू नये.

एका बाबतीत मात्र आफ्रिकेच्या यजमानांचे चुकले, ते सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जोहान्सबर्गच्या सामन्याआधी ऑल ब्लॅक्स आपला हाका, म्हणजे माओरी परंपरेतला आव्हानाचा नाच करत असताना वरून विमान गेले आणि त्या गोंगाटात नाच बुडाला. तिथल्या रग्बी मंडळाने नंतर माफी मागितली. पाहुण्याचे आव्हान ऐकून घेणे हा खेळाचा अदब आहे, मग सामन्यात त्याचे काय करायचे ते करा.

पुढच्याच आठवड्यात, ७ सप्टेंबरला, सामना केपटाऊनला होता. आता तो न्यूलँड्सवर होत नाही. ग्रीन पॉइंटला नवे स्टेडियम आहे, समुद्राजवळ. याच ग्रीन पॉइंटच्या माळावर पूर्वी गोरे नसलेल्यांचे क्लब खेळत, ज्यांना न्यूलँड्सवर खेळायला मिळत नसे. चाचा नातवाला घेऊन गेले होते. तो आता पंधरा वर्षांचा, आजोबांपेक्षा उंच. तिकिटे त्यानेच काढली, जागा मधल्या भागात, कुंपण नाही. आजूबाजूला हिरवे शर्ट बहुसंख्य, पण काळेही बरेच, आणि दोन्ही रंगांची माणसे एकाच रांगेत बसून एकमेकांना चिडवत होती. आफ्रिकेने १८-१२ असा सामना जिंकला.

चाचांनी कोणता शर्ट घातला होता, हे आम्ही विचारले. ते हसले आणि म्हणाले, “थंडी होती मास्तर. वरून जाकीट घातलं होतं.”